वाचनालयाच्या रॅकवर क्यूआर लावावा की एनएफसी?

आमच्या वाचनालयात क्यूआर कोड आणि एनएफसी (फोन नुसता टेकवला की लिंक उघडणारा चिपवाला स्टिकर, म्हणजे टॅग) दोन्ही लावून झालंय, म्हणून लिहितोय. काम साधंच, कोशांच्या रॅकसमोर उभ्या असलेल्या माणसाला मोबाईलवर मराठी विश्वकोश उघडून द्यायचा, कॉपीराइट संपलेल्या जुन्या पुस्तकांपाशी विकिस्रोत, म्हणजे अशा पुस्तकांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय.

एनएफसी वापरायला झकास, खोटं कशाला बोलू. कॅमेरा नको, मागच्या अंधाऱ्या रांगेतही चालतं, एनटॅग २१३ जातीच्या टॅगमध्ये जेमतेम १४४ बाइट जागा असते पण एका लिंकला ती रग्गड झाली. लिंक बदलायची तर टॅग न काढता फोनवरूनच नवी लिहायची. फक्त तसाच उघडा ठेवला तर एखादं उद्योगी पोरगंही लिहू शकतं, आणि कायमचा लॉक केलात तर तुम्हालाही बदलता येत नाही. लोखंडी रॅकवर साधा टॅग मेलाच समजा, अँटी-मेटलवाले घ्यावे लागतात, ते महाग. तेही चाललं असतं.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. एनएफसी चाललं नाही की काहीच होत नाही! फोनमध्ये एनएफसीच नाही, की सेटिंगमध्ये बंद आहे, की फोन चुकीच्या जागी टेकवलाय, काही कळायला मार्ग नाही. आयफोन वरच्या कडेने टेकवायचा, बाकीच्यांचं कंपनीगणिक वेगळं. मग काका लोक रॅकवर फोन घासत बसतात आणि शेवटी काउंटरवर येऊन "अहो, तुमचं ते बंद पडलंय" म्हणतात, आणि टॅग ठणठणीत असतो.

क्यूआरला ही भानगड नाही, चहाच्या टपरीवर पैसे देऊन देऊन सगळ्यांचा हात बसलाय. उलट इतका बसलाय की लोक सवयीने पेमेंटचंच अ‍ॅप उघडतात आणि ते कोड नाकारतं! पण निदान नाकारलं हे तरी दिसतं. खाली ठळक "मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा" छापलं की बरंच निभावतं. कोड बनवताना एरर करेक्शनची पातळी एच, म्हणजे सगळ्यात वरची, ठेवा, ३० टक्क्यांपर्यंत कोड खराब झाला तरी वाचला जातो, आणि चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट चमकते. फुकटवाले डायनॅमिक क्यूआर (छापल्यावरही ज्यांची लिंक बनवणाऱ्या साइटवरून बदलता येते ते) शक्यतो टाळा, ट्रायल संपली की काहींचे कोड बंद पडतात, त्यापेक्षा वाचनालयाच्या स्वतःच्या पानाची लिंक द्या आणि पुढचं तिथे बदलत राहा.

तुमचे सभासद बहुतेक कॉलेजची पोरं असतील आणि रॅक लाकडी असतील तर एनएफसीचा विचार करायला हरकत नाही, पण तेव्हाही शेजारी क्यूआर चिकटवाच.