चारपैकी तीन जीबी जळाली म्हणे

माझा लॅपटॉप २०१२ सालचा आहे आणि त्यात विंडोज ७ आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग "अहो, फेकून द्या तो" म्हणतात. तर आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करतो, पुण्यात नारायण पेठेत, राहत्या घरीच. लग्नपत्रिका, स्मरणिका, एक मासिक आणि दोन दिवाळी अंक. वीस वर्षांचा मजकूर पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींत आणि युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटांत अडकलेला आहे. तो कन्व्हर्टरमधून काढला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी शेजारच्याला चिकटते, आणि 'कीर्ती'ची जी दशा होते ती बघवत नाही. फाँटचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचून ठेवायची लायसन्सची किल्ली, ३२ बिट विंडोज ७ वर बिनतक्रार चालतं, म्हणून तो लॅपटॉप ठेवलाय. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद केले हेही ठाऊक आहे. त्यामुळे त्याला इंटरनेट जोडत नाही. फायली पेनड्राइव्हवरून जातात-येतात, मेल मोबाइलवर.

२०२३ चे गणपती गेले आणि दिवाळी अंकाचं काम अंगावर आलं, तेव्हा तो फारच रडायला लागला. चालू करून चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचा, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच. भाचा बंगलोरला होता, दसऱ्याला येणार होता. मला तेवढा धीर नव्हता. लॅपटॉप पिशवीत घातला आणि बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या आसपास मी गेली पंचवीस वर्षं केबली, कार्ट्रिज, माऊस घेतोय आणि तोवर एकदाही कुणी मला फसवलेलं नव्हतं. पण माझं नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं. शेजारच्या बोळातलं एक उघडं दिसलं, तिथे शिरलो. नाव लिहीत नाही. बोर्ड बदलायला कितीसा वेळ लागतो, दुकान ओळखून उपयोग नाही, युक्ती ओळखायला हवी.

मालक तिशीतला, बोलायला गोड. "बसा काका," म्हणत स्टूल दिलं. लॅपटॉप चालू केला आणि दोन मिनिटांत एक यादी उघडून पडदा माझ्याकडे वळवला. लाल गोल, पिवळे त्रिकोण, ओळीच्या ओळी. "बघा, किती एरर आहेत. विंडोज आतून सडलंय." मग पेनड्राइव्हवरून कसलंसं क्लीनर चालवलं. त्याने 'रजिस्ट्री'त, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं लिहून ठेवतं त्या वहीत, १,१४३ चुका काढल्या. प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला १,१४३ चुका म्हटल्यावर काय वाटेल? मी गप्पच झालो.

ती यादी म्हणजे विंडोजची रोजनिशी, हे मला नंतर कळलं. इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात तिला. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर जोडलेला नव्हता, की तिथे नोंद पडते. ठणठणीत मशीनमध्येही लाल गोल निघतातच. रजिस्ट्रीतल्या त्या 'चुका' म्हणजे बहुतेक कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रामांचे उरलेले पत्ते. ते पुसून वेग वाढत नाही. उलट चुकीचा पुसला गेला तर चालू असलेला प्रोग्राम बंद पडू शकतो. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला होता, त्यानेही त्यांना हीच यादी उघडायला लावली होती. वर ८८८ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर काळ्या खिडकीत दाखवून "हा तुमचाच लायसन्स नंबर, बघा आमच्याकडे आहे" म्हणाला होता. तो नंबर सगळ्याच विंडोजमध्ये सारखाच असतो.

असो. "ठेवून जा, संध्याकाळी या, सहाशे होतील," मालक म्हणाला. निघताना हळूच जोडलं, "आणि काका, रॅम वीक झालीय. चार-सहा दिवस काढेल." रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी; ती काय म्हातारी होते का, असं मनात आलं होतं. पण विचारलं नाही.

संध्याकाळी लॅपटॉप मिळाला तो करड्या रंगात. काचेसारख्या दिसणाऱ्या खिडक्या गेल्या, टास्कबार विंडोज ९८ च्या काळातला दिसायला लागला. दिखावा काढून टाकला की जुन्या मशीनला थोडं हलकं वाटतं हे खरं, पण तो दोन मिनिटांचा उद्योग आहे आणि घरी करता येतो. घरी येऊन पेजमेकर उघडलं, शेजारी कव्हरसाठी कोरल उघडलं, आणि लॅपटॉप जागच्या जागी थिजला. हार्ड डिस्कचा दिवा विझेना. पान उलटायला अर्धा मिनिट. आधीपेक्षाही वाईट.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. "म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणून त्याने कॉम्प्युटरची प्रॉपर्टीज उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मला अजून जशीच्या तशी दिसते: इन्स्टॉल्ड मेमरी ४.०० जीबी, कंसात १.०० जीबी युझेबल. "चारपैकी एकच जीबी चालतेय. बाकीची तीन जळाली." खुद्द विंडोजच सांगतंय म्हटल्यावर मी काय बोलणार? दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, जुन्या प्रकारची रॅम आता मिळत नाही म्हणून महाग, एकूण बत्तीसशे. अंक छापायला द्यायला सोळा दिवस होते. हो म्हणालो.

पोऱ्या लॅपटॉप आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. मालकाने तो स्वतःसमोर ठेवला, पडद्याची पाठ माझ्याकडे. "सेटिंग करून देतो." आता इथे माझं जुनं आयुष्य कामाला आलं. अठराव्या वर्षी मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो होतो. शिशाचे खिळे जुळवायचे, तेही उलटे. अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि स्टिकमध्ये ओळ डोक्यावर उभी. सात वर्षं तेच वाचलं. आजही रिक्षाच्या आरशात दिसणारी मागची पाटी मी सरळ वाचतो, बायको वैतागते. तर मालकाच्या मागे काचेचं कपाट होतं, राउटरचे खोके मांडलेलं. त्या काचेत माझ्या लॅपटॉपचा पडदा उमटला होता. त्याने एक छोटी चौकट उघडून त्यात शब्द टाइप केला. मी वाचला: एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मग एक खिडकी, तिच्यातून आणखी एक लहान खिडकी. तिथे एका चौकोनात टिक होती आणि शेजारी आकडा होता १०२४. त्याने टिक काढली, आकडा गेला. लॅपटॉप बंद करून चालू केला.

"घ्या काका. विमान झालंय."

झालं होतंही. म्हणजे मूळचा जेवढा मंद होता तेवढाच झाला होता, पण तीन दिवस नरक भोगल्यावर तो मला विमानासारखाच वाटला. पैसे यूपीआयने दिले. जुन्या पट्ट्या मागितल्या तर "स्क्रॅप झाल्या त्या, काय करणार" म्हणाला. बिल म्हणून पॅडच्या कागदावर 'सर्व्हिस + रॅम' एवढं खरडून दिलं. दुकानाचा शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही.

भाचा दसऱ्याला आला. जेवताना मी त्याला गंमत म्हणून काचेतलं वाचन सांगितलं. त्याने पुरणपोळीचा घास हातातच धरला. "मामा, आकडा काय होता म्हणालास? १०२४?" तो उष्ट्या हातानेच उठला.

त्याने मला जे करून दाखवलं ते सांगतो, म्हणजे तुम्हीही करून बघू शकाल. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, वर लिहिलेली आठ अक्षरं टाइप करायची. सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडतं. त्यात बूटचा टॅब, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे 'मॅक्सिमम मेमरी' असा चौकोन आहे. तो मुळात सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांसाठी असतो: कमी रॅमच्या मशीनवर आपला प्रोग्राम कसा चालेल ते बघायला. तिथे टिक करून १०२४ लिहिलं की विंडोज एक जीबीच वापरतं, बाकीच्या मेमरीला हात लावत नाही. भाच्याने टिक केली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, प्रॉपर्टीज उघडली. ४.०० जीबी, कंसात १.०० जीबी युझेबल. तीच ओळ. मग रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीची पट्टी दाखवली. डावीकडे करड्या रंगाचा भलामोठा तुकडा, 'हार्डवेअर रिझर्व्हड', तीन हजार एमबीच्या वर. टिक काढली, पुन्हा चालू केलं, तो तुकडा आक्रसला.

काहीही जळालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला होता, तेव्हाच ही टिक करून मला घरी पाठवलं होतं. मी परत येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिथेच 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' असाही चौकोन आहे. त्यात सगळ्यात मोठा आकडा निवडला की वेग वाढतो असं बरेचजण छातीठोकपणे सांगतात. तसं काही होत नाही, प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, विंडोज आपणहून वापरतच असतं. तिथून वेग कमी मात्र करता येतो.

टिक काढल्यावरही कंसात चार नव्हे, तीनच्या आतबाहेरचा आकडा येतो. त्यावरून घाबरू नका. ३२ बिट विंडोजला एकूण चार जीबीचेच पत्ते मोजता येतात आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरेंना लागतात. म्हणूनच ३२ बिट विंडोज ७ मध्ये आठ जीबी रॅम घालून देतो म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. पट्ट्या खऱ्या असतील, त्यांतली वरची चार जीबी नुसती बसून राहील.

आता राहिल्या नव्या पट्ट्या. भाच्याने लॅपटॉप पालथा घातला, दोन स्क्रू काढले, झाकण उचललं. आत दोन पट्ट्या होत्या. एकीवर माझ्या नेहमीच्या दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर, पेनाने लिहिलेली तारीख: जून २०१४. ती मीच तेव्हा घालून घेतली होती. दुसरीवर धुळीची एकसंध साय. पोऱ्याने आत नेऊन झाकणही उघडलं नव्हतं, दहा मिनिटं बहुधा चहा प्यायला.

खरा आजार वेगळाच निघाला. अकरा वर्षांची हार्ड डिस्क थकली होती. भाच्याने सतराशे रुपयांची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, आणली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर घेतली. म्हणजे विंडोज, पेजमेकर, फाँट, सगळं जागच्या जागी, डोंगललाही पत्ता लागला नाही. स्टार्टअपमधून प्रिंटरवाल्यांचे आणि कसले कसले अपडेटर मिळून नऊ प्रोग्राम बंद केले. डिफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायली एकत्र लावण्याचं, ठरलेलं वेळापत्रकही बंद केलं, एसएसडीला ते नको असतं. आता चहाला आधण येईपर्यंत पेजमेकर उघडलेलं असतं.

दसऱ्यानंतर दोघं दुकानात गेलो. जाताना झाकण उघडून काढलेला स्टिकरचा फोटो आणि यूपीआयची नोंद बरोबर घेतली. मालक आधी म्हणाला, तुम्हीच पट्ट्या बदलल्या असतील. भाच्याने काउंटरवर लॅपटॉप ठेवून शांतपणे टिक केली आणि कंसातलं १.०० त्याच्याकडे वळवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, तीही वाकून बघायला लागली. मग "पोऱ्या नवीन आहे, त्याच्याकडून राहिलं असेल" सुरू झालं. मी बिलाचं विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात करायला शुल्क लागत नाही. हे सगळं मी आदल्या रात्री कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. चष्मा लावून, सावकाश. खरं सांगायचं तर माझे हात थरथरत होते, पण ते कागदात लपलं.

बत्तीसशे तिथल्या तिथे मोबाइलवर परत आले. सहाशेचं म्हटलं तर म्हणाला, "ते सर्व्हिसचे, काका. काम तर केलं ना."

सहाशे सोडले. अंकाच्या शेवटच्या फॉर्मची प्रुफं त्याच संध्याकाळी द्यायची होती.