कॅनन आरएफ १००-४०० मिमी : एका शरद ऋतूच्या वापरानंतर

कॅननची आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही लेन्स २०२१ मध्ये बाजारात आली. तिचे तपशील वाचणाऱ्याची नजर प्रथम ४०० मिमीला मिळणाऱ्या एफ/८ या अरुंद ॲपर्चरवर, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रावर जाते, आणि बरेच जण तेथूनच मागे फिरत असावेत. मी मात्र ती घेतली ती दुसऱ्याच एका आकड्यासाठी. ०.४१ पट हे तिचे कमाल विशालन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा आणि खरी वस्तू यांच्या आकाराचे गुणोत्तर, दूरचे टिपणाऱ्या टेलिफोटो झूमच्या मानाने बरेच मोठे आहे आणि ती ०.८८ मीटर अंतरापर्यंत फोकस करू शकते. ऑगस्टअखेर घेतलेली ही लेन्स ईओएस आर६ या कॅमेऱ्यावर लावून मी संपूर्ण शरद ऋतूभर लंडनच्या आसपास वापरली. तिच्याविषयीचे माझे मत हरणे आणि अळंबी या दोन विषयांवरच बेतलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे सह्याद्रीत अळंबी उगवतात ती पावसाळ्याबरोबर. इंग्लंडमध्ये त्यांचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात असतो आणि नेमका तोच हरणांच्या माजाचा काळ असतो. त्यामुळे एकाच सकाळी दूरचा नर हरीण आणि पायाशी उगवलेली अळंबी असे दोन्ही विषय समोर येतात. लेन्स बदलत बसले की दव, पालापाचोळ्याचा चुरा आणि धूळ यांना कॅमेऱ्यात शिरायला वाट मिळते. ६३५ ग्रॅम वजनाची एकच लेन्स दोन्ही कामे करीत असेल, तर मला तिचे बरेच काही सोसता येते.

लंडनमधील रिचमंड पार्क ही पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये भिंत घालून बंदिस्त केलेली शिकारीची जागा होती. आज तेथे रेड आणि फॅलो या दोन जातींची मिळून सुमारे ६३० हरणे मोकळी फिरतात आणि त्यांच्यापासून किमान ५० मीटर दूर राहावे, असा उद्यानाचा नियम आहे. माजावर आलेला नर अंगावर येऊ शकतो, म्हणून हा नियम केवळ हरणांच्या सोयीचा नाही. ५० मीटरवरून ४०० मिमीच्या चौकटीत साडेचार मीटर रुंदीचा प्रदेश मावतो. म्हणजे दोन मीटर लांबीचा नर जवळजवळ निम्मी चौकट व्यापतो आणि शिंगांत अडकलेला नेचा, हंबरताना तोंडातून निघणारी वाफ, मागचे धुके यांनाही जागा उरते. मोबाइल घेऊन पुढे पुढे सरकणारे हौशी लोक दर ऑक्टोबरमध्ये दिसतात; त्यांच्या धाडसाचे मला कौतुक वाटत नाही.

एफ/८ ची खरी किंमत मोजावी लागते ती याच ठिकाणी. सूर्योदयाच्या आसपास, हलणाऱ्या हरणासाठी १/५०० सेकंद हवा असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, सहज ६४०० किंवा त्याच्याही पुढे जाते आणि चित्र दाणेदार होते. लेन्स आणि कॅमेरा यांची एकत्रित स्थिरीकरण व्यवस्था सहा स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मदत करते असे कंपनी सांगते, परंतु ती आपला हात सावरते, हरणाची मान नव्हे. तरीही तुलना न्याय्य असावी म्हणून सांगतो, की याच मालिकेतील महागडी १००-५०० मिमी लेन्स ५०० मिमीला एफ/७.१ देते, म्हणजे फरक फक्त एक तृतीयांश स्टॉपचा, आणि तिचे वजन मात्र १३७० ग्रॅम आहे.

अळंबीकडे वळल्यावर हाच अंधार जवळजवळ निरुपद्रवी ठरतो, कारण अळंबी हलत नाही. तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर लेन्स टेकवून १/३० सेकंदाला आयएसओ ४०० वर काम भागते. ०.४१ पट विशालनाला चौकटीची रुंदी सुमारे ८८ मिलिमीटर भरते. बर्चच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या अमॅनिटा मस्कारियाची, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल छत्रीची, चौकट त्यात उत्तम बसते. परंतु सेंटीमीटरभर टोपीची मायसीना ही इवली अळंबी चौकटीचा नववा हिस्साच व्यापते आणि तेथे खऱ्या मॅक्रोला, म्हणजे अगदी जवळून मोठे टिपणाऱ्या लेन्सला, पर्याय नाही. एफ/११ ला फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम अर्धा सेंटीमीटर असल्यामुळे टोपीची कड आणि देठ यांतले काय धारदार हवे, हे आधीच ठरवावे लागते.

बर्नहॅम बीचेस या बकिंगहॅमशायरमधील जुन्या बीचवनात लेन्सचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. पोर्सिलेन फंगस नावाची चकचकीत, अर्धपारदर्शक पांढरी अळंबी मेलेल्या बीचच्या खोडावर पुष्कळदा डोक्याच्याही वर उगवते. आखूड मॅक्रो लेन्सने तेथे पोहोचायला शिडी लागेल. येथे मात्र दोन पावले मागे सरून, पानांतून झिरपणारा उजेड टोपीच्या मागे येईल अशी जागा शोधता येते. ओल्या टोपीवरची चकाकी कमी करण्यासाठी ६७ मिमीचा पोलरायझर वापरला, पण तो एक-दोन स्टॉप प्रकाश खातो. जमिनीवरच्या विषयांसाठी मात्र दूरून टिपण्याचा तोटाही आहे, कारण मधले प्रत्येक गवताचे पाते आडवे येते.

पाऊस आणि धूळ रोखणारे सीलिंग या लेन्सला नाही, आणि इंग्लंडच्या ऑक्टोबरमध्ये ही उणीव लहान नव्हे. मी पावसाळी आवरण सोबत ठेवले. नोव्हेंबरात लिंकनशायरच्या डोना नूक किनाऱ्यावर ग्रे सीलची पिले पाहायला गेलो, तेथे उडणाऱ्या वाळूमुळे झूम करताना पुढे सरकणारी नळी शक्य तितकी कमी हलवली. कुंपणालगतच सील असल्याने तेथे १०० ते २०० मिमीच पुरले.

एका परिचिताकडून आरएफ १.४ पट एक्स्टेंडरही, म्हणजे लेन्सची फोकल लांबी वाढवणारा जोडभाग, मागून आणला होता. तो लावल्यावर ही लेन्स ५६० मिमीला एफ/११ होते. पहाटेच्या हरणांसाठी ते अगदी निरुपयोगी आहे. अळंबीसाठी मी एरवीही एफ/११ च वापरतो, म्हणून तेथे काही गमावले जात नाही आणि विशालन सुमारे ०.५७ पटीपर्यंत वाढते. तरीही त्या पैशांत भर घालून मी वेगळी मॅक्रो लेन्सच घेईन, आणि ती आली तरी डोक्यावरच्या पोर्सिलेनसाठी १००-४०० पिशवीत राहील.