शांघायचा चहा : सहा घोट, दहा हजार

इचलकरंजीत मागांचे सुटे भाग विकून माझं पोट चालतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच उधारी मागणार की रोख देणार हे मी सांगू शकतो. असा मी शांघायमध्ये दोन पोरींकडून हातोहात बनलो, तेही चहाच्या कपावर.

एप्रिल २०१९. ग्वांगझूचं कँटन हे व्यापारी प्रदर्शन उरकून एका पुरवठादाराला भेटायला शांघायला गेलो होतो. रात्रीचं विमान होतं, दुपार मोकळी होती. पीपल्स स्क्वेअरला मेट्रोतून उतरलो आणि नानजिंग रोडच्या पादचारी रस्त्यानं नदीकडे चालत निघालो. तिथं दोन मुलींनी मोबाइल पुढे केला, ‘आमचा एक फोटो काढाल?’ काढून दिला. कुठून आलात? भारत म्हटल्यावर ‘नमस्ते!’ आणि लगेच आमिर खान. तिथं कोणीही भारतीयाशी आमिर खानवरूनच बोलायला लागतं, त्यामुळे संशय यायचं काही कारण नव्हतं.

खरं सांगायचं तर गेले सहा दिवस मी हातवारे करूनच जेवत होतो. ‘मांस नको’ हे सांगायला फोनवर चिनी अक्षरं दाखवायची, तरी भाजीत खिमा निघायचा. अशा वेळी कुणी स्वच्छ इंग्रजीत हसून बोललं की माणूस विरघळतो. त्या दोघी म्हणे दुसऱ्या शहरातून सुट्टीला आल्या होत्या, आणि जवळच चहाचा पारंपरिक सोहळा बघायला निघाल्या होत्या. ‘तुम्हीही चला ना.’ गेलो.

मोठ्या रस्त्यावरून गल्लीत, गल्लीतून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बंद खोली, खिडकी नाही. लाकडी पाटावर मातीचा एक बेडूक बसवलेला, तोंडात नाणं. चहा करणारी बाई पहिलं पाणी त्या बेडकाच्या डोक्यावर ओतायची, मग आमच्यासमोर अंगठ्याएवढ्या कपात दुसरं. चमेली, ऊलाँग, आणखी कसले कसले, असे सहा प्रकार झाले. बाईनं सुरुवातीला दरपत्रक दाखवलं होतं, नाही असं नाही. पण चिनीत, आणि आकडे मुंगीएवढे. मी वरवर पाहिलं आणि मान डोलावली.

बिल आलं १,४४० युआन. दरपत्रकातला ५८ चा आकडा मी अख्ख्या किटलीचा समजलो होतो. निघाला एका माणसाच्या एका प्रकाराचा. सहा प्रकार, तीन माणसं, म्हणजे १,०४४. वर खोलीचं भाडं ३००, आणि ज्या बदामांना मी हातही लावला नव्हता त्या ताटलीचे ९६. दोघींनी चेहरे पाडले, ‘आम्ही विद्यार्थिनी’ म्हणत दोन-दोनशे काढून ठेवले. उरलेले १,०४० मी कार्डानं भरले. साडेदहा हजार रुपयांच्या पुढे! आमच्या बसस्टँडवर एवढ्यात वर्षभराचा चहा झाला असता.

कुणी धमकावलं नाही, दार अडवलं नाही, आणि फसवणुकीची खरी मेख तीच. दोन पोरींसमोर पैशावरून वाद घालायची लाज वाटली, म्हणून मी गप्प भरले. त्या दोघींनी दिलेले चारशे मागच्या दारानं त्यांच्याकडेच परत जातात, वर हिस्साही मिळतो, हे नंतर कळलं.

हॉटेलात सामान घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं फोनच्या भाषांतरातून विचारलं, ‘फापियाओ आहे का?’ म्हणजे सरकारी छापाची पावती. ती मागायचं मला सुचलंच नव्हतं. दुकानाचा पत्ताही माहीत नव्हता. पोलिसांचा नंबर तिथं ११०. वाद तिथल्या तिथेच घालून हा नंबर फिरवायची तयारी दाखवली की असली दुकानं बऱ्याचदा नरम पडतात म्हणे. माझं विमान चार तासांवर होतं.

हाच खेळ बीजिंगला वांगफुजिंग भागात चालतो. चहाऐवजी कधी ‘कला शाखेच्या विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन’ असतं. शांघायच्या पुडोंग विमानतळावर आतच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत मागे लागणारे हे त्यांचेच भाऊबंद; बाहेर रांगेत उभं राहून मीटरची टॅक्सी घ्या, नाहीतर मेट्रोची २ नंबरची लाइन थेट पीपल्स स्क्वेअरला सोडते. मॅग्लेव्हची, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या वेगवान गाडीची हौस असेल तर जरूर बसा, पण ती लाँगयांग रोडला संपते, पुढे मेट्रो धरावीच लागते. आता अलीपे आणि वीचॅट या तिथल्या पैसे भरायच्या ॲपना परदेशी कार्ड जोडता येतं, ते भारतातूनच जोडून, तपासून जा. आणि तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सॲप, गूगल चालत नाही. हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत कागदावर ठेवा.

चहाच प्यायचा असेल तर युयुआन बागेजवळ तळ्याच्या मधोमध, नागमोडी पुलावर हूशिनतिंग नावाचं जुनं चहाघर आहे. स्वस्त नाही. पण तिथं तुम्ही स्वतःच्या पायानं जाता, कुणी बोट धरून नेत नाही.

हो, एक राहिलंच. काउंटरवरच्या त्या मुलीला मी एवढंच म्हणालो होतो की माझी फसवणूक झाली. तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून छोटा कप धरल्याची खूण केली, आणि दोन बोटं वर करून भुवया उंचावल्या.