जायफळ घ्या, पैठणी सोडा: चॉकलेटच्या वेष्टनांच्या पाच नक्ष्या

छोट्या चॉकलेट उत्पादकांसाठी पुण्यातल्या एका पॅकेजिंग स्टुडिओने वेष्टनाच्या पाच नक्ष्यांचा तयार संच विकायला काढला आहे: जायफळ, कोकम, तिळगूळ, वारली आणि पैठणी. माप ८० ग्रॅमच्या बारचं, म्हणजे १५० × ७० × ८ मिमी. आत फॉइल आणि वर १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) बिनचकाकीचा कागद. स्क्रीनवर पाचही देखण्या दिसतात, पण खरी परीक्षा छापून बारला गुंडाळल्यावर होते.

संचात जायफळ सगळ्यात सरस. बीभोवतीची जायपत्रीची लाल जाळी हीच मुळात नक्षी आहे, तिला वेगळं सजवावं लागत नाही. फाटे एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे एक ठसा (नक्षीचा पुन्हा पुन्हा छापला जाणारा तुकडा) कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. जायपत्री वाळली की पिवळट-नारिंगी होते. इथे ताज्या जायपत्रीचा लाल घेतलाय, तोच तपकिरी जमिनीवर उठून दिसतो.

कोकमाची कल्पनाही चांगली: आडव्या कापलेल्या फळातल्या बियांची चक्री. (कोकमाचं चॉकलेटशी नातं नुसतं चवीचं नाही. युरोपीय नियमांनुसार कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पती-चरबी चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत आपलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आहे.) गडबड रंगात आहे. आमसुलाचा काळसर जांभळा साधण्यासाठी छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) इतक्या चढवल्यात की एकूण भर, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज, ३२० टक्क्यांवर जातो. बिनचकाकीचा कागद शाई पितो, रंग मळकट होतो, ओली शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते आणि वास रेंगाळतो. चॉकलेटमधली चरबी तो वास ओढून घेते. भर २६० पर्यंत उतरवा, आणि नमुना त्याच कागदावर काढून बघा. चकचकीत आर्ट पेपरवरच्या नमुन्यावरून काही ठरवू नका.

तिळगुळात वेगळीच अडचण. बारचा परीघ (७० + ८) × २ म्हणजे १५६ मिमी. ठसा २४ मिमीचा असल्यामुळे तो साडेसहा वेळा बसतो आणि पाठीमागच्या जोडावर अर्धेच तीळ उरतात. २६ मिमीचा केला की बरोबर सहा बसतात. त्यात घडीसाठी एक-दीड मिमी सूट धरा, चिकटपट्टीचे १२ मिमी वेगळे. शिवाय तीळ विखुरलेले वाटावेत म्हणून टाकलेत, पण लांबून बघितलं की तिरके पट्टे दिसतात. शेजारची रांग अर्ध्या ठशाने खाली सरकवली की ते मोडतात. दोन्ही दुरुस्त्या तासाभराच्या आहेत.

वारलीत पांढरी रेघ म्हणजे शाई नव्हे, गेरूच्या रंगातून उघडा ठेवलेला कागद. स्टुडिओने गेरू चार रंगांतून बनवलाय. एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली तरी माणसांचे हातपाय शाईने भरून जातात. गेरूसाठी एकच स्पॉट कलर (आधीच मिसळून तयार केलेली एक शाई) घ्या आणि रेघ ०.३ मिमीच्या खाली नेऊ नका. मोठी चूक मागच्या बाजूला आहे: बारकोडसुद्धा गेरूतच! स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लालसर रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात. बारकोड पांढऱ्यावर काळा, लहानात लहान ३० × २१ मिमी.

पैठणी मात्र सोडाच. विणीत मोराच्या कडेला धाग्याधाग्याने बारीक पायऱ्या पडतात, त्यातच पैठणीची ओळख असते. इथे त्या घासूनपुसून गुळगुळीत केल्यात, म्हणून मोर लग्नपत्रिकेवरून उचलल्यासारखा वाटतो. जरीच्या सोनेरी फॉइलच्या रेघा ०.१ मिमीच्या, खरखरीत कागदावर त्या तुटणारच, आणि घडीवर आल्या की फॉइल तडकतं. त्यात जमीन पोपटी, तिच्यावर शाकाहाराची हिरवी खूण शोधावी लागते. नियमाला ठळक वेगळी पार्श्वभूमी हवी. दर्शनी भाग १०५ चौ. सेंमी, म्हणजे १०० च्या वर, तेव्हा चौकोन किमान ८ मिमीचा आणि आतला ठिपका ४ मिमीचा हवा. पाचही फाइलींत तो ६ मिमीचाच आहे. कुठलीही नक्षी घेतली तरी हे आधी बदला.

फाइलींचे थर नीट वेगळे केलेत, मजकूर मराठी-इंग्रजी दोन्हींत बदलता येतो, जोडाक्षरं फुटत नाहीत. ही कामं स्टुडिओने मन लावून केली आहेत. बॅच क्रमांक, तारीख आणि किमतीसाठी मात्र कोरी जागा ठेवलेली नाही. मागे ३५ × १५ मिमीची पट्टी सोडा आणि छापखान्याला तिथे वार्निश मारू नका म्हणून सांगा, नाहीतर इंकजेटची तारीख बोटाने पुसली जाते. सुट्या नक्ष्या मिळत असतील तर जायफळ आणि कोकम घ्या. वारली हवीच असेल तर स्पॉट कलरची प्लेट आधी मागून घ्या.