जस्त की मॅग्नेशियम?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरच्या लोखंडी सुकाणूवरची जस्ताची किंवा मॅग्नेशियमची वडी बदलायला हाच काळ. लोखंडाऐवजी झिजणं हे या वडीचं काम.

लोखंडाचा प्रमाण विभव (धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ दाखवणारा आकडा) −०.४४ व्होल्ट, जस्ताचा −०.७६, मॅग्नेशियमचा −२.३७. आकडा जितका ऋण, तितका धातू इलेक्ट्रॉन सोडायला, म्हणजेच आधी झिजायला, उतावीळ. म्हणून मॅग्नेशियम सरस वाटतं. पण खाऱ्या पाण्यात ते भराभर संपतं, शिवाय लोखंडावर हायड्रोजन सुटून रंगाला फोड येतात. ते गोड्या पाण्यातच वापरावं. समुद्राला जस्तच.

बसवताना खालचं लोखंड घासून चकचकीत करा, वडीला रंग मुळीच लावू नका. वर्षभरानेही ती कोरीच दिसली तर खूश होऊ नका: मध्ये गंज अडकलाय, सुकाणू झिजतंय.