कॅट की लेस? टर्मिनलवर फाइल वाचताना

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तासातासाला टिपलेली एक साधी टेक्स्ट फाइल समजा. ती टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बघायची तर हात आधी कॅटकडे (cat) जातो. युनिक्स या संगणक प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची ही कमांड सगळी फाइल एका दमात पडद्यावर ओतते. दहा-पंधरा ओळी असतील तर याहून सोपं काही नाही. मजकूर समोर राहतो आणि खाली लगेच पुढची कमांड मारता येते.

पण अख्ख्या पावसाळ्याची फाइल असली की जूनच्या ओळी केव्हाच वर निघून जातात. तिथं लेस (less) ही दुसरी कमांडच हवी. पानापानानं पुढं जा, मागं या. मोठी फाइलही चटकन उघडते, कारण लेस ती सगळी वाचून व्हायची वाट बघत नाही. स्लॅश देऊन ४३ शोधा, धोका पातळीचा आकडा गाठलेली नोंद समोर येते. एन दाबलं की पुढची. एकदा कॅपिटल एफ दाबलं की फाइलीत पडणारी नवी ओळ आपोआप दिसते, हे तर मला फारच आवडतं. बाहेर पडायला क्यू.

मराठी मजकूर असेल आणि लोकेल, म्हणजे टर्मिनलची भाषा-अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ या अक्षरसंकेताची नसेल, तर लेस अक्षरांऐवजी कंसातले कोड दाखवतं. कॅट बाइट जसेच्या तसे पुढं देतं, त्यामुळं तिथं मराठी बहुधा नीट दिसतं. लोकेल सुधारा, प्रश्न मिटतो. उलट चुकून बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेली, फाइल उघडली तर लेस दाखवू का म्हणून आधी विचारतं. कॅटनं टर्मिनल विस्कटू शकतं, मग रीसेट (reset) ही कमांड मारा.

उद्यमनगरात मशिनचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, बघणाऱ्या पोरांना मी आधी लेसच शिकवीन.