स्कॅनरची रेंज: ०, १० की ३० मैल?

पोलिस, अग्निशमन, विमानं यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारे युनिडेन कंपनीचे नव्या धाटणीचे स्कॅनर, म्हणजे होमपेट्रोल, बीसीडी ४३६ एचपी, एसडीएस १०० वगैरे, तुमच्याकडून दोनच गोष्टी मागतात: तुम्ही कुठे आहात आणि किती मैलांपर्यंतचं ऐकायचंय. पहिल्याचं उत्तर झिप कोड टाकला की झालं. दुसऱ्याला बहुतेक जण ३० नाहीतर ५० असा घसघशीत आकडा देतात. पैसे मोजलेत तर दूरचंही ऐकू येऊ दे की! मग आठवडाभरात कुरकुर सुरू होते: स्क्रीनवर नावं भराभर पळतात, ऐकू मात्र काही येत नाही, आणि जे येतं ते अर्ध्यावरून. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि असा स्कॅनर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्यांनी हा आकडा नेमका कशाचा आहे ते आधी समजून घ्यावं. त्यावर बरेच पैसे वाचतात.

हा आकडा रिसेप्शनचा नाही. ३० केल्याने स्कॅनरचे कान तीळभरही तिखट होत नाहीत. बदलते ती फक्त यादी. लग्नाच्या पत्रिका दुप्पट छापल्या म्हणून कार्यालय मोठं होत नाही, तसंच हे.

स्कॅनरच्या मेमरी कार्डावर देशभरातल्या रेडिओ यंत्रणांची माहिती असते आणि बहुतेक नोंदींना नकाशावरचा एक मध्यबिंदू आणि त्याभोवतीचं वर्तुळ दिलेलं असतं. तुम्ही टाकलेल्या मैलांचं दुसरं वर्तुळ तुमच्या जागेभोवती आखलं जातं. दोन्ही वर्तुळं एकमेकांना शिवली की ती यंत्रणा यादीत, नाही शिवली की बाहेर. समजा शेजारच्या काउंटीचा मध्य तुमच्यापासून २० मैलांवर आहे आणि तिचं वर्तुळ १२ मैलांचं आहे. तुमची रेंज ० असेल तर ती काउंटी गाळली जाईल, १० केलीत तर आत येईल. तिचा मनोरा तुमच्या स्कॅनरला पकडता येतो की नाही, हा प्रश्न या हिशोबात कुठेच नाही.

०, १०, ३०

शून्य टाकलं तर काहीच ऐकू येणार नाही, असं वाटून लोक शून्याच्या वाटेला जात नाहीत. प्रत्यक्षात शून्याचा अर्थ एवढाच की ज्या यंत्रणांच्या वर्तुळात तुमचं घर येतं त्या सगळ्या घ्या, बाकीच्या सोडा. तुमचं गाव, तुमची काउंटी आणि राज्यभर चालणाऱ्या यंत्रणा एवढ्या आपसूक मिळतात. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या दाट वस्तीत एवढंही पुष्कळ होतं. तिथे मिडलसेक्स काउंटी आहे, राज्याची एनजेआयसीएस ही ७०० मेगाहर्ट्झवरची डिजिटल यंत्रणा आहे, रेल्वे आहे आणि डोक्यावर नेवार्कची विमानं.

दहाच्या आसपासचा आकडा काठावर राहणाऱ्यांसाठी. घर काउंटीच्या सीमेलगत असेल तर आग लागल्यावर पलीकडच्या गावातले बंबही येतात आणि त्यांचं बोलणं त्यांच्या काउंटीच्या चॅनेलवर चालतं. तेवढ्यासाठी ५ ते १० मैल वाढवणं रास्त. एडिसनला मात्र यात एक गोम आहे: रेंज वाढवताच पूर्वेकडे स्टॅटन आयलंड वर्तुळात येतं आणि त्याच्या मागोमाग न्यूयॉर्क शहराच्या नोंदी यादीत शिरू लागतात. शहराची यादी लांबलचक. त्यातलं आपल्याला काय हवंय, हे ठरवल्याशिवाय ते दार उघडू नये.

तीस मैलांचा मोह का सोडावा, हे साध्या हिशोबाने कळतं. व्हीएचएफ (३० मेगाहर्ट्झपासून पुढच्या) आणि त्याहून वरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिज हीच त्यांची ढोबळ मर्यादा. अँटेनाच्या फुटांमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला १.४१ ने गुणलं की हे रेडिओचं क्षितिज मैलांत मिळतं. १०० फुटी मनोऱ्याचं क्षितिज १४ मैल. सहा फुटांवर हातात धरलेल्या स्कॅनरचं साडेतीन. म्हणजे वाटेत टेकडी, इमारत काही नसलं तरी दोघांची गाठ साडेसतरा मैलांपर्यंतच. मनोरा ४०० फुटी असेल तर हीच बेरीज साडेएकतीसवर जाते, पण तीही मोकळ्या मैदानात. विटांच्या घरात, तळमजल्यावर नव्हे. टेक्सास किंवा कॅन्ससच्या सपाटीवर, विरळ वस्तीत, छपरावर अँटेना असेल तर ३० ला अर्थ आहे. उपनगरात नाही.

विमानांची गोष्ट निराळी. ३५,००० फुटांवरच्या विमानाचं क्षितिज २६० मैलांच्या पुढे जातं, म्हणून वैमानिकाचा आवाज लांबूनही स्वच्छ येतो आणि त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा कंट्रोलर मात्र येत नाही. त्यासाठी सगळ्या यादीची रेंज वाढवू नका. विमानांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवा.

लांब यादीने नुसती गर्दी होते असंही नाही, नुकसान होतं. स्कॅनर एका वेळी एकाच ठिकाणी कान देतो. दूरच्या, कधीच न लागणाऱ्या चॅनेलवर तो ठोठावत बसतो तेवढ्यात तुमच्या गल्लीतलं दहा सेकंदांचं बोलणं संपून गेलेलं असतं. ‘रिसेप्शन खराब आहे’ ही तक्रार पुष्कळदा इथून आलेली असते. आवाज अर्ध्यावरून सुरू होतो, कारण स्कॅनर तिथे उशिरा पोचतो.

ट्रंक सिस्टिम असेल तर गाळण दुहेरी

ट्रंक यंत्रणेत थोड्या फ्रिक्वेन्सी अनेक खाती वाटून वापरतात. राज्यभर किंवा काउंटीभर पसरलेल्या अशा यंत्रणेत अनेक साइट, म्हणजे मनोऱ्यांची ठिकाणं, असतात आणि प्रत्येक साइटला स्वतःचं वर्तुळ असतं. शिवाय टॉकग्रुपांचे (एकमेकांशी बोलणाऱ्या रेडिओंच्या समूहांचे) गट, म्हणजे अमुक काउंटीचं अग्निशमन, तमुक गावचे पोलिस, यांचीही वेगळी वर्तुळं असतात. काही ऐकू यायचं तर साइटही तुमच्या रेंजमध्ये हवी आणि गटही. रेंज ३० केली की लांबच्या साइट यादीत येतात आणि स्कॅनर एकेका साइटचा कंट्रोल चॅनेल (कोण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय ते सांगणारा) शोधण्यात वेळ घालवतो. रेंज ० केली तर साइट जवळचीच राहते, पण तिच्यावरून चाललेलं शेजारच्या काउंटीचं बोलणं गटाच्या गाळणीत अडकतं.

आणखी एक गोष्ट पेटीवर छापलेली नसते. बऱ्याच मोठ्या यंत्रणांमध्ये एखाद्या टॉकग्रुपचं बोलणं त्याच साइटवरून जातं जिथे त्या गटातला एखादा वॉकीटॉकी त्या घडीला नोंदलेला आहे. म्हणून साइट खणखणीत मिळत असूनही एखादा विभाग मुका वाटू शकतो. त्या वेळी रेंजचं बटण फिरवून काही होत नाही आणि महागडी अँटेना आणूनही.

झिप कोड, जीपीएस की स्वतःची यादी

झिप कोड टाकला की स्कॅनर त्या विभागाचा मध्यबिंदू धरतो. शहरात फरक पडत नाही. नेवाडा, मोंटाना अशा राज्यांत एकेक झिप कोड प्रचंड पसरलेला असतो आणि तो मध्य तुमच्या घरापासून बराच लांब पडू शकतो. तिथे फोनवरच्या नकाशातून अक्षांश-रेखांश घेऊन टाकावेत, आणि खरं तर सगळ्यांनीच टाकावेत. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर ० ची सेटिंगही नीट वागते.

जीपीएस जोडणं ज्यांचा प्रवास लांबचा त्यांनाच फायद्याचं. एडिसनहून वॉशिंग्टनला गाडीने जाताना वाटेतल्या काउंट्या आपोआप बदलत राहतात, ही सोय झकास आहे. गाडीत रेंज ५ च्या आसपास ठेवावी. ० ठेवली तर सीमा ओलांडून गेल्यावरच पुढची यंत्रणा सुरू होते. रोज घर ते ऑफिस एवढंच असेल तर त्या वायरचा गुंता कशाला?

माझा कौल मात्र तिसऱ्या वाटेला आहे. पहिले काही आठवडे मैलांच्या हिशोबाने ऐका आणि जे खरोखर कामाचं वाटतं ते फेव्हरिट्स लिस्टमध्ये टाका. त्या यादीचा लोकेशन कंट्रोल, म्हणजे जागेनुसार गाळणं, बंद ठेवला की मैलांचा संबंध संपतो. यादीत आहे ते तपासलं जातं, बस्स. कष्ट थोडे जास्त आहेत, संगणकावर सेंटिनेल हे सॉफ्टवेअर उघडून बसावं लागतं. ज्यांना तेवढा उत्साह नाही त्यांनी रेंज ० ते ५ ठेवावी आणि सर्व्हिस टाइपमधून नको ते प्रकार बंद करावेत. रस्तेदुरुस्ती खातं, शाळेच्या बस, पालिकेचा कचरा विभाग हे गेले की यादी निम्मी हलकी होते. नको असलेल्या चॅनेलवर अव्हॉइड एकदा दाबलं की तो तात्पुरता गप्प, पटकन दोनदा दाबलं की कायमचा.

मग रिसेप्शन कशाने सुधारतं?

स्कॅनर कुठे ठेवलाय, हे आधी बघा. खिडकीजवळ, वरच्या मजल्यावर, मॉनिटर, एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यापासून लांब. चाचणीसाठी हवामान खात्याचे चॅनेल उत्तम: १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचं प्रसारण अष्टौप्रहर चालू असतं. त्यातला एखादा क्षीण चॅनेल लावून घरभर फिरा, जागांमधला फरक लगेच कळतो.

नंतर अँटेना. पेटीतली आखूड रबरी अँटेना सगळ्याच बँडवर जेमतेम असते. अँटेनाची योग्य लांबी म्हणजे साधारण पाव लहर; ती सेंटिमीटरमध्ये हवी असेल तर ७५०० ला मेगाहर्ट्झने भागा: १६२ साठी ४६ सेंटिमीटर, ७७० साठी १० च्या आत. लांब होणारी घडीची अँटेना म्हणूनच सोयीची, पण ७०० मेगाहर्ट्झच्या यंत्रणेसाठी ती पूर्ण ताणू नका. विमानतळाला किंवा मोठ्या मनोऱ्याला अगदी खेटून राहत असाल तर उलटंच होतं: जोरदार सिग्नलने स्कॅनर भांबावतो, तेव्हा ऍटेन्युएटर चालू करून सिग्नल मुद्दाम कमी करावा लागतो.

अँटेनाने न सुटणारा एक त्रास म्हणजे सायमलकास्ट. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणं एकाच वेळी पाठवतात. अग्निशमन दलाच्या महागड्या रेडिओंना ते पचतं. जुन्या पद्धतीच्या स्कॅनरमध्ये मात्र वेगवेगळ्या मनोऱ्यांचे सिग्नल किंचित पुढेमागे पोचून एकमेकांत मिसळतात आणि सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या असूनही आवाज तुटक, रोबोटसारखा येतो. २०१४ चा बीसीडी ४३६ एचपी इथे बऱ्याचदा हात टेकतो. २०१८ चा एसडीएस १०० आणि त्यापाठोपाठ आलेला टेबलावरचा एसडीएस २०० यांचा रिसीव्हर वेगळ्या रचनेचा आहे आणि ४३६ आणि एसडीएस यांच्या किमतींतल्या फरकाचं खरं कारण तेच आहे. तुमच्या काउंटीत पी२५ (पोलिस-अग्निशमन वापरतात ती डिजिटल पद्धत) सायमलकास्ट असेल तर एसडीएस घ्या, नसेल तर ४३६ पुरे. आणि फक्त विमानं, रेल्वे, समुद्री चॅनेल, हवामान ऐकायचं असेल तर बीसी १२५ एटी हा ५०० चॅनेलचा साधा ऍनालॉग स्कॅनर बराच स्वस्तात पडतो. त्यात लोकेशन नाही, रेंज नाही, डिजिटलही नाही. चॅनेल हाताने भरायचे.

दुकानात जाण्याआधी तुमच्या गावचे पोलिस एन्क्रिप्शन (बाहेरच्याला कळू नये म्हणून बोलणं कुलूपबंद करणं) वापरतात का, हे मात्र तपासा. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून चॅनेल बंद करायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात २०२० च्या सरकारी सूचनेनंतर अनेक शहरं त्या वाटेने गेली, पालो आल्टो मात्र २०२२ मध्ये मागे फिरलं. एन्क्रिप्ट केलेलं बोलणं कोणताही स्कॅनर, कोणतीही रेंज, कोणतीही अँटेना उघडून देत नाही. अग्निशमन आणि ऍम्ब्युलन्स पुष्कळ ठिकाणी अजून खुले आहेत.

गाडीत लावणार असाल तर राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे पोलिसांचं ऐकणारा रिसीव्हर गाडीत ठेवण्यावर निर्बंध आहेत. हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांना काही ठिकाणी सूट मिळते. आणि सुट्टीत पुण्याला जाताना भाच्यासाठी म्हणून तो बॅगेत टाकू नका. भारतात असं यंत्र नुसतं बाळगायलाही सरकारी परवानगी लागते.